चावी कोणाकडे? जुन्या नागपुरातल्या एका वाचनालयाच्या नियोजनाचं प्रकरण

“मॅडम, आम्हाला एक व्हिजन डॉक्युमेंट बनवून पाहिजे. पंधरा-वीस पानं झाली तरी चालतील.” नवतपा चालू होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि फोनवर वाचनालयाचे सचिव बोलत होते. बुटीबोरीच्या एका कंपनीकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या निधीसाठी, अर्ज करायचा होता. कंपनीने विचारलं होतं, तुमची पुढच्या काही वर्षांची दिशा काय? सचिवांच्या मते हा प्रश्न पानांचा होता.

संस्था महाल-इतवारीच्या बाजूची, स्वातंत्र्यापूर्वीची, शासनमान्य. नाव देत नाही, आणि ओळख पटेल अशा दोन-चार खुणाही बदलल्या आहेत. तळमजल्यावर ग्रंथालय, तिथे सुमारे अठरा हजार पुस्तकं. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलंमुली सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसलेली. खालच्या सभासदांचं सरासरी वय पासष्टच्या पुढे, वरच्यांचं चोविसेक. दोघांचा जिना एकच, पण दोघांची गाठ पडायची ती पाण्याच्या टाकीपाशी.

पैशाचं गणित बहुतेक जुन्या वाचनालयांसारखंच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली दर्जाप्रमाणे मिळणारं परिरक्षण अनुदान हप्त्यांनी येतं. त्यात पगार आणि पुस्तकं कशीबशी भागतात. विजेचं बिल, कूलर, झाडलोट हे सगळं अभ्यासिकेच्या फीवर. म्हणजे खालचा मजला प्रतिष्ठेचा आणि वरचा मजला पोटाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं.

मी सचिवांना सांगितलं की दस्तावेज मी लिहून देणार नाही. तुम्ही लोक बसाल, ठरवाल, लिहाल. मी बसवून देईन; माझं काम सुलभकाचं, म्हणजे लोकांची चर्चा घडवून आणायची, निर्णय त्यांचे त्यांना घेऊ द्यायचे. त्यांना हे फारसं रुचलं नाही. एका सल्लागाराने आधी लिहून दिलेला एक अहवाल कपाटात होताच, बलस्थानं, उणिवा, संधी, धोके अशा चार चौकटींचा, स्पायरल बाइंडिंग केलेला. मी तो मागून वाचला. चूक काही नव्हतं त्यात. नागपुरातल्या कुठल्याही वाचनालयाचं नाव घातलं असतं तरी तो तितकाच बरोबर ठरला असता, एवढंच.

माझ्या अटी तीन. नियोजनाची बैठक दोन दिवसांची; दोन्ही दिवशी अध्यक्ष पूर्णवेळ हजर राहतील, पण कुठल्याही विषयावर पहिले बोलणार नाहीत. अभ्यासिकेतली मुलं खोलीत असतील, आणि ती चहा द्यायला नव्हे, आपलं म्हणणं कार्डांवर लिहायला. आणि जे ठरेल ते आधी कार्यकारिणीपुढे, मग आमसभेपुढे जाईल. कंपनीकडे सगळ्यांत शेवटी. अध्यक्षांनी दुसऱ्या अटीवर थोडी खळखळ केली. “पोट्टे आज आहेत, उद्या पोस्टिंग लागलं की गेले. त्यांना संस्थेचं काय?” वाजवी प्रश्न होता. मी म्हणाले, गेली काही वर्षं तुमच्या विजेचं बिल हीच आज-आहेत-उद्या-नाहीत मंडळी भरत आली आहेत. ते हसले आणि हो म्हणाले.

जुलै-ऑगस्टमध्ये मी अठरा जणांना एकेकटं भेटले. सुलभकाच्या कामात हाच भाग सगळ्यांत जास्त खपवतो, आणि बिलात तो कधीच नीट दिसत नाही. इथेच माझी एक चूक झाली. सचिवांनी दिलेल्या यादीत विश्वस्त, कार्यकारिणी, ग्रंथपाल, जुने सभासद, दोन माजी अध्यक्ष आणि अभ्यासिकेची चार मुलं होती. गेली तीस वर्षं सकाळी पावणेसहाला शटर उघडणारा शिपाई यादीत नव्हता. मीही विचारलं नाही. त्याने दिलेला चहा पीत मी अठरा मुलाखती घेतल्या.

मुलाखतींतून दोन गट दिसले. एकाचं म्हणणं: हे वाचनालय आहे, खानावळीसारखी बाकं भाड्याने देणं हे आपलं काम नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं: वाचक राहिलेच नाहीत, तेव्हा तळमजलाही अभ्यासिकेला द्या, किंवा सरळ एखाद्या कोचिंग क्लासला नऊ वर्षांच्या कराराने भाड्याने द्या. सचिव दुसऱ्या गटात, ग्रंथपालबाई पहिल्या गटात, आणि अध्यक्ष ज्याच्याशी शेवटचं बोलले असतील त्याच्या गटात.

आता प्रश्नाबद्दल. दोन दिवसांच्या नियोजनात भिंतीवर एक प्रश्न टांगलेला असतो आणि सगळी कार्डं त्याची उत्तरं असतात. हा प्रश्न चुकला तर दोन दिवस वाया. सचिवांचा प्रश्न होता, ‘वाचनालयाचं उत्पन्न कसं वाढवावं?’ ग्रंथपालबाईंचा, ‘वाचनसंस्कृती कशी वाचवावी?’ पहिल्यात अभ्यासिका जिंकून बसलेली, दुसऱ्यात हरून. दोन्ही प्रश्नांच्या पोटात उत्तर आधीच लपवलेलं. आम्ही पाच जण एका संध्याकाळी बसलो आणि तर्री पोह्याच्या दोन फेऱ्यांनंतर एवढ्यावर आलो: ‘पुढची तीन वर्षं ही इमारत कोणासाठी आणि कशासाठी चालवायची?’ सचिव म्हणाले, हे फारच साधं झालं. साधं होतं खरं. पण “कोणासाठी” या शब्दावर त्या संध्याकाळी चाळीस मिनिटं वाद झाला, त्यावरून मला खात्री पटली की प्रश्न बरोबर आहे.

पाच वर्षांऐवजी तीन वर्षं हा माझा आग्रह. कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांची होती. जे आपल्या हयातीत, म्हणजे आपल्या पदाच्या हयातीत, होणार नाही ते माणसं फार उदारपणे लिहून देतात.

बैठक पोळ्यानंतरच्या शनिवार-रविवारी झाली, तळमजल्यावरच, कपाटांच्या मधल्या मोकळ्या जागेत. एकवीस माणसं. भिंतीवर एक जुनी तसबीर होती, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पंचसूत्रातलं पहिलं सूत्र: ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, प्रत्येकाला कुलूप. हे मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. जुन्या वाचनालयांत असतंच असं.

पहिल्या दिवशी सकाळी काळाचा पट्टा. भिंतीवर लांब कागद, स्थापनेपासून आजपर्यंत. ज्याला जे आठवतं ते त्याने लिहून त्या-त्या वर्षापाशी चिकटवायचं. म्हाताऱ्यांनी डावी बाजू भरली, पोरांनी उजवी. इमारतीची पायाभरणी, व्याख्यानमाला, छत गळलं ते वर्ष, टाळेबंदीतले बंद महिने, अभ्यासिकेतली पहिली मुलगी फौजदार झाली तो दिवस. मध्ये वीसेक वर्षांपूर्वीचा एक हातभर तुकडा कोराच राहिला. मी मनात म्हटलं, शांत काळ असेल.

जेवणाआधी भविष्याचं चित्र. ते पटकन उरकलं आणि मीही इथे पटकन उरकते. स्वप्नं लिहायला माणसांना त्रास होत नाही. वातानुकूलन, ई-ग्रंथालय, बालविभाग, लिफ्ट. चित्रातली खरी बातमी एकच होती. अभ्यासिकेतल्या एका मुलीने लिहिलं होतं, “खालची पुस्तकं वर वाचायला मिळावीत.” तिला कोणी विचारलं, मिळत नाहीत का? ती म्हणाली, “मागावी लागतात.”

दुपारी अडथळे.

कार्डांची ही पद्धत इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्स या संस्थेच्या कामातून आली. याच संस्थेने १९७० च्या दशकात दौलताबादजवळच्या माळीवाडा गावात गावकऱ्यांना सोबत घेऊन विकासाचा प्रकल्प चालवला होता, म्हणजे पद्धत आपल्याकडे नवी नाही. तिचा एक नियम फार छळतो: अडथळा लिहिताना ‘नाही’ लिहायचं नाही. पहिल्या फेरीत आलेली कार्डं अशी होती. निधी नाही. माणसं नाहीत. जागा नाही. तरुण सभासद नाहीत. वाचनसंस्कृती उरली नाही. मी सगळी परत दिली. ‘निधी नाही’ म्हटलं की त्याला उत्तर एकच, निधी आणा. पुढे विचार खुंटतो. काय नाही ते नको, काय आहे ते लिहा. वाटेत प्रत्यक्ष आडवं पडलेलं काय आहे?

खोलीत नाराजी पसरली. एक काका म्हणाले, “बाप्पा, ‘नाही’ काढून घेतलं तर मराठी माणसानं बोलायचं काय?” सगळे हसले, पण हात चालेनात. दहाएक मिनिटं गेली. मग महालातल्याच एका सभासदाने कोंडी फोडली. कालपरवाच त्यांच्या गल्लीतून मारबत गेली होती, म्हणजे गावातली इडापिडा घेऊन जा म्हणत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा. ते उभे राहून म्हणाले, “मॅडम काय म्हणून राहिल्या, ते मी सांगतो. मारबतीला तोंड असते, पोट असते, हात असतात. नसलेल्या गोष्टीचा पुतळा बांधता येत नाही. बांधता येईल तेच लिहा.” मी आजवर शंभर वेळा समजावलं असेल, इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं. त्यांनी उठून मथळ्याचा कागदच बदलला. ‘अडथळे’ खोडलं आणि लिहिलं ‘घेऊन जा गे मारबत’.

दुसऱ्या फेरीची कार्डं वेगळी आली. ‘प्रत्येक खर्चाला तीन सह्या.’ ‘अभ्यासिकेची मुलं सभासद होऊ शकत नाहीत, असं नियमावलीत आहे’ (इथे एक ‘नाही’ मी चालवून घेतलं). ‘पुस्तक खरेदी वर्षातून एकदाच, मार्चमध्ये, घाईत.’ ‘निर्णय रविवारी, काम सोमवारी, दोघांची माणसं वेगळी.’

चहाच्या वेळी शिपाईकाका माझ्याजवळ आले. कप उचलता उचलता म्हणाले, “मॅडम, पोट्टे खाली येत नाही म्हणतेत सारे. येऊन करतील काय? पुस्तकं दिसतच नाई न जी. चाव्या बाईजवळ, आन् बाई दहाले येते. पोट्टे सहाले येतेत.”

“मग चाव्या तुमच्याकडे का नाहीत?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आधीच्या ग्रंथपालबाईंच्या काळात मोजदादीत पुस्तकं कमी भरली होती. किंमत त्या बाईंच्याच पगारातून कापली, महिन्याला थोडी थोडी, दोन वर्षं. तेव्हाच्या साहाय्यक म्हणजे आजच्या ग्रंथपालबाई. त्यांनी ते समोर बसून पाहिलेलं. त्या दिवसापासून कपाटांना कुलपं आणि चाव्या पर्समध्ये. “माह्यं नाव नका घेऊ,” ते म्हणाले.

सुलभकापुढे अशी वेळ आली की हात शिवशिवतात. हातात चावी आलेली असते, आणि ती वापरायची परवानगी नसते. मी सगळ्यांपुढे काही बोलू शकत नव्हते. चहानंतर मी काळाच्या पट्ट्यापाशी गेले, कोऱ्या तुकड्यावर हात ठेवला आणि विचारलं, “इथे एकही कार्ड का नाही?”

शांतता. पंख्याचा आवाज. अशा वेळी बोलून टाकायचा मोह होतो, तो मी दाताखाली धरला. मग ग्रंथपालबाई उठल्या, कार्ड घेतलं, लिहिलं, चिकटवलं आणि जागेवर जाऊन बसल्या. कार्डावर चारच शब्द होते: ‘गहाळ पुस्तकं, पगारातून वसुली.’

अध्यक्षांनी अट पाळली, पहिले बोलले नाहीत. तिसरे बोलले. “तो ठराव माझ्या सहीचा आहे. मी तेव्हा सचिव होतो.”

पुढचा अर्धा तास मी काहीही केलं नाही. ते बाईंशी बोलले, बाई त्यांच्याशी. तो तपशील इथे नको. वातावरण मोकळं केलं ते एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झालेल्या एका सभासदाने, आणि तेही लेखापरीक्षकाच्या कोरड्या सुरात. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतल्या नियम २१५ मध्ये, ते म्हणाले, वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा वाचकांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलेलं आहे. अट अशी की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि हजार रुपयांवरचं पुस्तक हरवलं तर चौकशी व्हावी. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर पूर्ण पडताळणी दरवर्षी. “हा नियम सरकारी ग्रंथालयांचा. आपल्याला बंधनकारक नाही. पण ठराव करून स्वीकारायला कोणी अडवलं आहे का?”

वीस वर्षं ज्या भीतीने अठरा हजार पुस्तकं कुलपात ठेवली, तिच्यावर तोडगा खोलीतल्या एका माणसाला पाठ होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण भीती आहे हेच कोणी म्हटलं नव्हतं. मुलाखतीत त्यांनी मला पाऊण तास सांगितलं ते जमाखर्चाच्या वह्यांबद्दल.

रविवारी दिशा ठरवायच्या होत्या. सकाळी पुन्हा एक घोटाळा झाला, माझ्याच पद्धतीचा. प्राधान्य लावायला मी प्रत्येकाला रंगीत टिकल्या दिल्या. दहा मिनिटांनी पाहते तर पोरं टिकल्या बोटावर घेऊन उभी, अध्यक्ष कुठे लावतात ते पाहत. मी सगळ्या काढून घेतल्या, आधी आपापल्या कागदावर पसंती लिहायला लावली, मग टिकल्या. निकाल बराच बदलला. टिकल्यांचं मतदान लोकशाहीसारखं दिसतं खरं, पण वय आणि पद मानणाऱ्या आपल्या खोल्यांत ते हात वर करण्याहून वेगळं ठरत नाही.

कोचिंग क्लासचा प्रस्ताव तिथे मागे पडला, भावनेने कमी आणि कलमाने जास्त. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नऊ वर्षांचा करार सचिवांना वाटत होता तितका सोपा नव्हता. त्यांनी स्वतःच कार्ड काढून घेतलं, याचं मला कौतुक वाटलं.

मग अभ्यासिकेतल्या एका मुलाने दोन गटांमधली भिंत जवळजवळ सहज पाडली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, १७५० गुण, त्यात निबंध आणि वैकल्पिक विषय. पर्यायांवर खुणा करून भागणार नाही, लिहावं लागतं. “सर, आम्हाला आता गाइड पुरत नाही. मराठीत चार पानं सलग लिहिता येत नाही आम्हाला. खाली जे आहे तेच वाचावं लागणार.” ज्येष्ठांपैकी दोघे निवृत्त प्राध्यापक, एक निवृत्त उपसंपादक. त्यांच्याकडे लाल पेन होतं, वेळ होता. ‘वाचनालय की अभ्यासिका’ हा वाद त्यानंतर कोणी काढला नाही. तो सुटला असं मी म्हणणार नाही. त्याला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी दोन पानांत जे उरलं ते असं. कपाटं उघडायची, वाचकाने स्वतः रॅकवरून पुस्तक घ्यायची मुक्तद्वार पद्धत आणायची, पहाटेच्या चाव्या शिपायाकडे. वसुलीचा जुना ठराव रद्द करून पाच-प्रतिहजारचा निकष घ्यायचा. अभ्यासिकेतल्या मुलांना सभासदत्व, त्यासाठी नियमावलीत दुरुस्ती. दर शनिवारी उत्तरलेखन तपासणी. पुस्तक खरेदी वर्षातून चारदा, निवड समितीत दोन विद्यार्थी. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव, ‘समिती’ असं कुठेही नाही. आणि काय करायचं नाही याची एक ओळ: ई-ग्रंथालय, लिफ्ट आणि शताब्दी स्मरणिका या तीन वर्षांत नाहीत. स्मरणिका वगळताना एका माजी अध्यक्षांचा चेहरा पडला. ती ओळ मी जाताना पुन्हा वाचून दाखवली, कारण सोमवारी सगळ्यांत आधी तीच विसरली जाणार होती.

आमसभा व्हायची तशीच झाली. सभासदत्वाच्या दुरुस्तीवर दोन तास वाद, मग तडजोड: सहा महिने अभ्यासिकेत असलेल्यांनाच, आणि मतदानाचा हक्क एका वर्षाने.

कंपनीकडे अर्ज गेला तो या दोन पानांसह. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं स्पष्टपणे आहे, त्यामुळे विषय बसत होता. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. २०२१ च्या १ एप्रिलपासून सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, ती संस्थेने केलेलीच नव्हती. वीस पानांचं व्हिजन डॉक्युमेंट दिलं असतं तरी अर्ज तिथेच पडला असता. नोंदणी झाली, आणि पुढच्या फेरीत कंपनीने टेबलं, खुर्च्या, उघडी रॅकं दिली. पुस्तकांसाठी पैसे दिले नाहीत.

वर्षभराने मी आढाव्याला गेले. शनिवारचं उत्तरलेखन चालू होतं, पण उपसंपादकांच्या एकट्याच्या जिवावर. प्राध्यापकांपैकी एकजण पुण्याला मुलाकडे गेले आणि दुसऱ्यांना पोरांचं अक्षर सोसवेना. खरेदी चारऐवजी दोनदाच झाली. तीन सह्यांची अट तशीच आहे. अध्यक्षांनंतर कोण, हा विषय दोन दिवसांत एकदाही निघाला नाही, आणि मीही काढला नाही. पुढच्या वेळी काढावा लागेल.

मुक्तद्वारात एक अडचण आली होती: चाळलेली पुस्तकं मोजायची कशी? शिपाईकाकांनी टेबलाशी एक प्लास्टिकची टोपली ठेवली. वाचून झालेलं पुस्तक रॅकवर परत न लावता टोपलीत टाकायचं; रात्री ते मोजतात, वहीत आकडा लिहितात आणि जागेवर लावतात. घरी नेलेली आणि टोपलीतली मिळून वर्षाचा आकडा नऊ हजारांवर गेला होता. निकषाप्रमाणे पंचेचाळीसपर्यंत गहाळ चालणार. पडताळणीत एकतीस निघाली. यादी ग्रंथपालबाईंनी स्वतः टाइप करून फलकावर लावली होती.

एक कपाट मात्र अजून कुलपात आहे, दुर्मीळ ग्रंथांचं. ते उघडं ठेवू नये यावर सगळ्यांचं एकमत. त्याची चावी बाईंच्या पर्समध्ये असावी, कार्यालयातल्या तिजोरीत असावी की शिपाईकाकांकडे, हा विषय येत्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला आहे.